जुन्या अमेरिकन नॅशनल बँक नोटा : आधी बँक पाहा, मग ग्रेड

दहा डॉलरच्या दोन नोटा शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, असं समजा. दोन्ही १९२९च्या मालिकेतल्या. दोन्हींवर अलेक्झांडर हॅमिल्टनचं चित्र, तपकिरी शिक्का, तपकिरी आकडे. पहिली करकरीत आहे, जवळजवळ न वापरलेली. तिच्यावर न्यूयॉर्कच्या चेस नॅशनल बँकेचं नाव आहे. दुसरी मळकट, पाच-सहा घड्या पडलेली, एका कडेला बारीक चीर गेलेली. तिच्यावर एका लहान गावातल्या बँकेचं नाव आहे, आणि त्या बँकेच्या अशा दोनच नोटा आजवर नोंदल्या गेल्या आहेत. लिलावात ही दुसरी नोट पहिलीच्या कित्येक पट किमतीला जाते.

नाण्यांच्या छंदातून नोटांकडे वळलेल्या माणसाला हे चटकन पटत नाही, कारण तिथे एकाच साच्यातल्या दोन नाण्यांत भाव ठरतो तो स्थितीवर. नॅशनल बँक नोटांत क्रम वेगळा आहे. आधी बँक कोणती ते बघायचं, मग तिच्या किती नोटा शिल्लक आहेत ते, आणि ग्रेडकडे, म्हणजे नोट कितपत चांगल्या स्थितीत आहे त्याच्या गुणांकडे, त्यानंतर वळायचं. हा क्रम चुकला की माणूस साध्या नोटेला जास्त पैसे मोजतो, आणि दुर्मीळ नोट 'खराब आहे' म्हणून हातची घालवतो.

या नोटा आल्या कुठून

अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, मध्यवर्ती बँक नव्हती, आणि राज्याराज्यांतल्या बँका आपापल्या नोटा काढत होत्या. कुठली नोट चालेल आणि कुठली बुडेल याचा भरवसा नव्हता. २५ फेब्रुवारी १८६३चा कायदा आणि त्याच्या जागी आलेला ३ जून १८६४चा कायदा यांनी नवी व्यवस्था बसवली. गावातल्या मंडळींनी भांडवल उभं करून केंद्र सरकारकडून बँकेचा परवाना, म्हणजे चार्टर घ्यायचा. सरकारी रोखे विकत घेऊन ते वॉशिंग्टनला ट्रेझरीत तारण ठेवायचे. त्या तारणाच्या ९० टक्क्यांपर्यंत नोटा सरकार छापून देणार. नोटेवर नाव त्या बँकेचं, हमी सरकारी रोख्यांची. राज्यांच्या बँकांच्या नोटांवर लवकरच १० टक्के कर बसला आणि त्या चलनातून गेल्या.

१४ मार्च १९००च्या कायद्याने दोन गोष्टी बदलल्या. तारणाच्या पूर्ण किमतीइतक्या नोटा काढता येऊ लागल्या, आणि तीन हजारांपर्यंत वस्तीच्या गावात २५ हजार डॉलर भांडवलावर बँक उघडता येऊ लागली. त्यामुळे अगदी खेड्यापाड्यांतही नॅशनल बँका निघाल्या. आज संग्राहक ज्यांच्यासाठी जीव टाकतात त्या नोटा बऱ्याचदा याच छोट्या बँकांच्या असतात. १९३५ मध्ये ज्या रोख्यांच्या तारणावर नोटा काढता येत होत्या ते सरकारने परत घेतले, आणि ही पद्धत बंद झाली. तोवर चौदा हजारांहून जास्त चार्टर दिले गेले होते, आणि बारा हजारांहून जास्त बँकांनी प्रत्यक्ष नोटा काढल्या होत्या. १ क्रमांकाचा चार्टर फिलाडेल्फियाच्या फर्स्ट नॅशनल बँकेचा. या सगळ्या नोटा अमेरिकेत आजही दर्शनी किमतीला कायदेशीर चलन आहेत.

नोट कोणत्या प्रकारची ते ओळखणं

आकार पाहिला की अर्धं काम होतं. १९२९च्या आधीची मोठी नोट साधारण १८७ बाय ७९ मिलिमीटर असते, १९२९ची छोटी साधारण १५६ बाय ६६.

मोठ्या नोटांचे तीन कालखंड आहेत. पहिल्या कालखंडात 'ओरिजिनल' आणि '१८७५ची मालिका' अशा दोन जाती. एक आणि दोन डॉलरच्या नॅशनल नोटा फक्त याच कालखंडात निघाल्या. दोन डॉलरच्या नोटेवरचा २ आडवा झोपवलेला आहे, म्हणून तिला 'लेझी टू' म्हणतात. ती मोडक्या अवस्थेतही महाग असते. दुसऱ्या कालखंडात १८८२ची मालिका. तिच्या तीन जाती मागच्या बाजूवरून ओळखायच्या: तपकिरी नक्षीच्या मध्ये मोठ्या अक्षरांत चार्टर नंबर असेल तर 'ब्राउन बॅक', '१८८२-१९०८' असं छापलेलं असेल तर 'डेट बॅक', आणि तिथे नोटेची किंमत शब्दांत लिहिलेली असेल तर 'व्हॅल्यू बॅक'. तिसऱ्या कालखंडात १९०२ची मालिका: पुढे लाल शिक्का असेल तर 'रेड सील', निळा शिक्का आणि मागे '१९०२-१९०८' असेल तर 'डेट बॅक', निळा शिक्का आणि मागे तारखा नसतील तर 'प्लेन बॅक'. बाजारात सगळ्यात जास्त दिसते ती ही प्लेन बॅक. रेड सील तिच्याहून बरीच विरळ, आणि अनेक बँकांची तर एकही रेड सील सापडलेली नाही.

इथे नवख्यांची एक गफलत हमखास होते. नोटेवर हाताच्या वळणाच्या अक्षरांत एक तारीख कोरलेली असते, समजा '३ मार्च १९०३'. ती छपाईची तारीख नसते. बँक सुरू झाली, किंवा तिच्या चार्टरची मुदत वाढली, तेव्हाची ती तारीख; पुढे त्याच प्लेटवरून वीस वर्षं नोटा छापल्या जाऊ शकत. कोणती बँक कोणत्या मालिकेच्या नोटा काढणार हेही तिच्या वीस वर्षांच्या मुदतीवर ठरायचं. म्हणून १९०१ मध्ये चार्टर मिळालेली बँक १९०२ नंतरही १८८२च्याच मालिकेच्या नोटा काढत राहिली, तर शेजारच्या गावातली मुदतवाढ मिळालेली जुनी बँक त्याच वर्षी १९०२ची रेड सील काढत होती. ट्रेझरीच्या अधिकाऱ्यांच्या छापील सह्यांचंही तसंच, त्या प्लेट बनली तेव्हाच्या असतात.

छोट्या १९२९च्या नोटांचे दोन प्रकार. टाइप १ वर चार्टर नंबर काळ्या शाईत दोनदा, दोन्ही बाजूंना उभा. टाइप २ वर त्याशिवाय तपकिरी शाईत सीरियल नंबरच्या शेजारी आणखी दोनदा. सीरियलवरूनही कळतं. टाइप १ मध्ये आकड्याच्या आधी ए ते एफ यांपैकी एक अक्षर आणि शेवटी ए. सहा नोटांच्या एका पत्र्यावर, म्हणजे एकत्र छापलेल्या न कापलेल्या कागदावर, सहाही नोटांचा आकडा एकच, फक्त पहिलं अक्षर वेगळं. टाइप २ मध्ये शेवटचं अक्षर नाही आणि आकडे एकामागून एक चालतात. टाइप २ १९३३पासून निघाली, जेमतेम दोन वर्षं. त्यामुळे एखाद्या छोट्या बँकेच्या टाइप २च्या मोजक्या शेकडाच नोटा निघालेल्या असू शकतात.

याच घराण्यातली वाटणारी पण वेगळी नोट म्हणजे १९२९चीच फेडरल रिझर्व्ह बँक नोट, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकव्यवस्थेच्या विभागीय बँकेची. तिच्यावरही 'नॅशनल करन्सी' असंच छापलेलं आहे, शिक्काही तपकिरी आहे. पण चार्टर नंबरच्या जागी रिझर्व्ह बँकेच्या विभागाचं अक्षर असतं आणि डाव्या बाजूला न्यूयॉर्क, शिकागो अशा रिझर्व्ह बँकेचं नाव. चार्टर नंबर नसेल तर ती गावच्या बँकेची नोट नव्हे. सीरियलजवळ तारा दिसला तरी तीच शंका घ्या, कारण नॅशनल बँक नोटांत ताऱ्याच्या बदली नोटा काढल्याच नाहीत. बाद पत्र्याच्या जागी त्याच नंबरचा नवा पत्रा छापत.

किती नोटा शिल्लक आहेत

कॅटलॉगमधला फ्रीडबर्ग क्रमांक फक्त नोटेची जात सांगतो. १८००-१ म्हणजे पाच डॉलरची १९२९ टाइप १, हजारो बँकांची. किमतीचा धागा चार्टर नंबरला बांधलेला आहे. तो घेऊन तीन गोष्टी शोधायच्या.

पहिली, बँकेने एकूण काय काय काढलं. कोणत्या मालिका, कोणत्या किमती, किती पत्रे आणि सीरियल कुठपासून कुठपर्यंत, हे सरकारी हिशेबवह्यांतून प्रत्येक बँकेसाठी उतरवून ठेवलेलं आहे. दुसरी, हिशेबात शेवटी किती रकमेच्या नोटा परत आल्या नव्हत्या. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, आज प्रत्यक्ष किती नोटा पाहिल्या गेल्या आहेत. या नोंदीला संग्राहक 'सेन्सस' म्हणतात. नॅशनल करन्सी फाउंडेशनचा सेन्सस आणि सोसायटी ऑफ पेपर मनी कलेक्टर्सचा बँकांचा इतिहासकोश इंटरनेटवर पाहता येतो. सेन्ससमध्ये एकेका नोटेचा सीरियल नंबर आणि ग्रेड सापडतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यांतला फरक नीट समजून घ्यावा. एखाद्या बँकेच्या २,४०० डॉलरच्या मोठ्या नोटा परत आल्या नाहीत, असं हिशेब सांगतो. ती बँक चार नोटांचा पत्रा काढायची: दहाच्या तीन आणि वीसची एक. म्हणजे एक पत्रा ५० डॉलरचा. २,४०० डॉलर म्हणजे ४८ पत्रे, १९२ नोटा. कागदावर १९२, पण त्यांतल्या कितीतरी आगीत, पुरात, गादीच्या कापसात आणि उंदरांच्या पोटात गेल्या. सेन्ससमध्ये सापडतात चार-पाच. बँक आधीच, समजा १८९०च्या दशकात बंद पडली असेल तर तिच्या नोटा चाळीस वर्षं ट्रेझरीत परत येऊन नष्ट होत राहिल्या. तिची एकही नोट आज माहीत नसणं अगदी शक्य आहे. उलट १९२९च्या नोटा मंदीच्या काळात लोकांनी दडवून ठेवल्या, म्हणून त्या भरपूर उरल्या.

सेन्ससमधल्या आकड्याचा अंदाज असा बांधावा. एक ते तीन नोटा माहीत असतील तर खरी दुर्मीळ. दहाच्या आत असेल तर चांगली. वीसच्या पुढे गेली की त्या बँकेची नोट वरचेवर विक्रीला येते, घाई करायचं कारण नाही. पण हा आकडा एकटा पुरत नाही. न्यूयॉर्क किंवा फिलाडेल्फियातल्या एखाद्या बुडालेल्या बँकेच्या दोनच नोटा माहीत असल्या तरी त्या शहरातल्या दुसऱ्या बँकांच्या नोटा ढीगभर मिळतात, आणि 'या शहराची एक नोट हवी' असं म्हणणाऱ्याचं काम त्यांवर भागतं. एकाच बँकेच्या गावाचं तसं नाही. तिथली नोट हवी असेल तर तीच, दुसरा पर्याय नाही. म्हणून गाव दुर्मीळ असणं हे बँक दुर्मीळ असण्यापेक्षा जास्त मोलाचं, असं आमचं ठाम मत आहे.

राज्याचाही वाटा असतो. पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, इलिनॉय, ओहायो इथल्या बँका संख्येने मोठ्या, नोटा मुबलक. अलास्का, ॲरिझोना, नेव्हाडा, वायोमिंग, आयडाहो इथल्या कमी. राज्याचा दर्जा मिळण्याआधीच्या काळातल्या, नावात 'टेरिटरी' असलेल्या नोटा वेगळ्याच पंक्तीत बसतात. मात्र हवाईवर नजर ठेवताना जपून. नकाशावर दूर असली तरी होनोलुलूच्या बँकेच्या १९२९च्या नोटा बऱ्यापैकी मिळतात. जास्त भाव येतो तो बेट आवडणाऱ्यांच्या मागणीमुळे. दुसऱ्या टोकाला बँक ऑफ अमेरिका, चेस, आणि न्यूयॉर्कची नॅशनल सिटी बँक. ही तिसरी पुढे सिटीबँक झाली, मुंबईकरांच्या ओळखीचीच. नाव ओळखीचं म्हणून आपल्याकडच्या माणसाला तिची नोट खास वाटते, पण १९२९च्या नॅशनल नोटांत ती सर्वांत सहज मिळणाऱ्यांपैकी आहे. साधारण वापरलेली असेल तर अशी नोट शंभर डॉलरच्या आतबाहेर मिळायला हवी.

लहान बँक-सीरियल पाहून हुरळू नये. मोठ्या नोटांवर दोन नंबर असतात, एक ट्रेझरीचा आणि एक बँकेचा. १९२५ नंतर दोन्ही जागी बँकेचाच. छोट्या बँकेने एकूण पत्रेच हजार-दोन हजार काढलेले असतील तर ३४७ हा नंबर काही विशेष नाही. १ नंबरची नोट मात्र खरोखर वेगळी, तिला भाव येतो. बाई अध्यक्ष किंवा कॅशियर असलेल्या बँकेच्या, तिची सही असलेल्या नोटाही काही संग्राहक मुद्दाम शोधतात.

ग्रेड : नोट हातात घेऊन काय पाहायचं

ग्रेड ७० गुणांच्या पट्टीवर देतात. ६० ते ७० म्हणजे न वापरलेली. ५० ते ५८ 'अबाउट अनसर्क्युलेटेड', ४० आणि ४५ 'एक्स्ट्रीमली फाइन', २० ते ३५ 'व्हेरी फाइन', १२ आणि १५ 'फाइन', ८ आणि १० 'व्हेरी गुड', ४ आणि ६ 'गुड'. 'गुड' या शब्दाने फसू नका, ती नोट जवळजवळ चिंधी असते.

हात धुऊन पूर्ण कोरडे करा. टेबलावर पांढरा कागद. खोलीतला मोठा दिवा बंद करून एक छोटा टॉर्च नोटेच्या एका बाजूला अगदी खाली धरा, म्हणजे उजेड नोटेवरून घसरत जाईल. घड्या मोजायच्या त्या अशा तिरप्या उजेडात, आणि आधी मागच्या बाजूने. वाकलेली जागा आणि घडी यांत फरक करा: नोट नुसती वाकली तर लाट दिसते पण रेघ उमटत नाही; घडी पडली तर कागदाचे तंतू तुटतात आणि तिथे न पुसणारी रेघ राहते. मधोमध एक हलकी घडी, बाकी सगळं स्वच्छ, अशी नोट पन्नाशीत बसते. दोन-तीन हलक्या घड्या, कागद कडक, तर चाळिशीत. पाकिटात घडी करून फिरलेली, बऱ्याच घड्यांची पण अजून अंगात जोर असलेली नोट व्हेरी फाइन. कडा मऊ झाल्या, कोपरे गोल झाले, मळ बसला पण कडेची चीर चित्रापर्यंत पोचली नाही तर फाइन. नोट लुळी पडली, उचलल्यावर मान टाकते, तर व्हेरी गुड.

मग नोट उजेडासमोर धरा. जुन्या नोटा टाचणीने गड्डीला टोचत, तेव्हा टाचणीची भोकं दिसतील. खालच्या ग्रेडमध्ये एक-दोन भोकांनी फारसं बिघडत नाही, पण चाळिशीच्या वरच्या नोटेला ती बाधतात. उभी आणि आडवी घडी जिथे एकमेकींना छेदतात ती मधली जागा खास पाहा. कागद सगळ्यात आधी तिथे फाटतो आणि बारीक छिद्र पडतं. चिकटवलेली चीर, आतून घातलेला कागदाचा तुकडा, हेही उजेडात गडद डाग किंवा वेगळ्या पोताचा पट्टा म्हणून दिसतात. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली जुना कागद मंद दिसतो. आधुनिक कागदाचा ठिगळ निळसर पांढरा चमकतो, गोंदही बऱ्याचदा दिसतो.

नॅशनल नोटांत सह्यांना वेगळं महत्त्व आहे. मोठ्या नोटांचे न कापलेले पत्रे बँकेत यायचे. तिथे अध्यक्ष आणि कॅशियर पेनाने किंवा रबरी शिक्क्याने सही करायचे आणि मग कात्रीने नोटा कापायचे. १९२९च्या नोटांवर सह्या छापूनच येत. म्हणून मोठ्या नोटेवर दोन्ही सह्या ठळक असतील तर तिला मागणी जास्त, पुसट असतील तर भाव पडतो, आणि उडून गेल्या असतील तर चांगल्या ग्रेडची नोटही ओकीबोकी दिसते. भिंगातून सहीची रेघ पाहा. खरी जुनी रेघ कागदात मुरलेली असते आणि पेनाच्या दाबानुसार जाड-बारीक होते. कोणी नंतर गिरवली असेल तर जुन्या फिकट रेघेच्या कडेने नवी रेघ जराशी बाहेर आलेली दिसते. जुन्या आम्लयुक्त शाईने काही ठिकाणी कागद जळून तडकलेला असतो, तोही दोष म्हणून नोंदला जातो.

कात्रीने कापल्यामुळे समास वेडेवाकडे असणं स्वाभाविक आहे, आणि कधी वरची चौकट थोडी कापलेलीही असते. तो बँकेच्या कारकुनाचा हात. पण नोटेचं अंग घड्यांनी भरलेलं आणि चारही कडा मात्र ब्लेडने काढल्यासारख्या ताज्या, लांबीही कमी, असं दिसलं तर कोणीतरी फाटक्या कडा छाटून टाकल्या आहेत.

धुतलेल्या आणि दाबलेल्या नोटा

फसवणुकीचा सगळ्यात नेहमीचा प्रकार हाच: पंधराच्या ग्रेडची नोट धुऊन, दाबून, तिसाची म्हणून विकायची. या नोटा कोरलेल्या प्लेटवरून भारी दाबाने छापलेल्या आहेत, त्यामुळे शाई कागदावर किंचित उठून असते. तिरप्या उजेडात चित्रातल्या केसांवर, आणि मोठ्या नोटांत बँकेच्या नावाच्या अक्षरांवरही, हा उठाव दिसतो. दाबलेल्या नोटेत तो सपाट होतो. आणि एक खूण कितीही दाबलं तरी जात नाही: गडद छपाईतून जिथे घडी गेली होती तिथली शाई उडालेली असते. कागद सपाट, पण काळ्या नक्षीतून एक पांढुरकी रेघ सरळ वरून खाली चालली आहे, म्हणजे तिथे घडी होती. चित्रावर ती रेघ शोधा, नुसत्या समासात नको.

धुतलेल्या नोटेचा कागद वापराच्या मानाने फारच पांढरा दिसतो, लाल शिक्का गुलाबी किंवा नारिंगी झालेला असतो, रबरी शिक्क्याची जांभळी सही फुटून तिच्याभोवती फिकट वलय आलेलं असतं. हाताला कागद मेल्यासारखा लागतो. धुऊन वर खळ चढवलेली नोट उलट अवाजवी ताठ असते, आणि दोन बोटांत हलकेच हलवल्यावर तिचा आवाज बद्द येतो.

१९२९च्या नोटांत आणखी एक धोका आहे. बँकेचं नाव, गाव, सह्या आणि चार्टर नंबर हे सगळं काळ्या शाईत नंतर वेगळं छापलेलं, त्यामुळे साध्या बँकेचा मजकूर खरवडून त्या जागी दुर्मीळ बँकेचा छापण्याचा मोह होतो. म्हणून तीन गोष्टी जुळवा: चार्टर नंबर त्याच बँकेचा आहे का, अध्यक्ष-कॅशियरची नावं त्या वर्षांतल्या नोंदीशी जुळतात का, आणि सीरियल नंबर त्या बँकेने त्या किमतीच्या काढलेल्या नोटांच्या आत येतो का. तिसरी तपासणी बहुतेक जण विसरतात, आणि बनावट नोट नेमकी तिथेच उघडी पडते.

ग्रेडिंग कंपन्या, म्हणजे पीएमजी आणि पीसीजीएस, नोट सीलबंद होल्डरमध्ये घालून ग्रेड देतात. पीएमजीचं 'ईपीक्यू' आणि पीसीजीएसचं 'पीपीक्यू' म्हणजे कागद मूळचा, धुतला-दाबला नाही, अशी पावती. पीएमजीकडे ६५ आणि त्यावरच्या ग्रेडला ती सक्तीची आहे. 'नेट' असा शब्द दिसला तर काही दोष आहे. दुरुस्ती, डाग, चिरा यांची टीप पुष्कळदा होल्डरच्या मागे बारीक अक्षरांत असते, म्हणून मागच्या बाजूचा फोटो पाहिल्याशिवाय विकत घेऊ नका. होल्डर ग्रेडची ग्वाही देतो. नोट किती दुर्मीळ आहे ते सेन्ससमध्येच पाहावं लागतं.

किंमत काढताना

मोठ्या लिलावगृहांच्या जुन्या विक्रीच्या नोंदी, हेरिटेज आणि स्टॅक्स बॉवर्स यांच्या, इंटरनेटवर शोधता येतात. आधी त्याच बँकेच्या त्याच जातीच्या नोटेची विक्री शोधा. नसेल तर त्याच बँकेच्या दुसऱ्या जातीची, मग त्याच गावाची, आणि तेही नसेल तर त्याच राज्यातल्या तितक्याच नोटा माहीत असलेल्या दुसऱ्या गावाची. विक्रीला मागितलेली किंमत जमेस धरू नका, मिळालेली किंमतच धरा.

आकडा वाचताना एक हिशेब ध्यानात ठेवा. बोली १,००० डॉलरला थांबली आणि खरेदीदाराचं कमिशन २० टक्के असेल, तर नोंद १,२०० ची दिसते. विकणाऱ्याकडून १० टक्के कापले तर त्याच्या हाती ९००. तुमच्याकडची तशीच नोट '१,२०० ची' असली तरी विकताना हाती ९०० पडतील, आणि व्यापारी रोख देईल तर त्याहूनही कमी. विक्री कधीची आहे तेही पाहा. तीन नोटा माहीत असताना झालेली विक्री आज, कुणाच्या तरी पेटीतून आणखी सहा निघाल्यानंतर, निरुपयोगी आहे.

ग्रेडचा परिणाम दोन टोकांना अगदी वेगळा होतो. चेससारख्या बँकेची नोट वीसच्या ग्रेडवरून ६६ वर गेली तर किंमत अनेक पटींनी वाढते, कारण तिच्यात विकत घेण्यासारखं दुसरं काही नाहीच. ज्या गावाच्या दोनच नोटा माहीत आहेत तिथे १० आणि २० मधला फरक खरेदीदार सहज गिळतो. मात्र मोठी दुरुस्ती, गायब झालेली सही किंवा हरवलेला कोपरा असेल तर तोही हात आखडतो. साध्या नोटेला वरच्या ग्रेडसाठी थांबा. दुर्मीळ गावाची नोट समोर आली तर समास पुरेसे, सह्या दिसतात आणि मोठी दुरुस्ती नाही, एवढं पाहून घेऊन टाका. चांगल्या ग्रेडची वाट पाहण्यात वीस वर्षं जातील आणि ती येणारही नाही.

काही हजार रुपयांच्या नोटेला ग्रेडिंगचा, टपालाचा आणि विम्याचा खर्च परवडत नाही. काही शे डॉलरच्या पुढे, आणि विकायचा विचार असेल तर, नोट ग्रेड करून घेणं फायद्याचं, कारण परदेशातला खरेदीदार फोटोवर विसंबून तुमच्या शब्दाला किंमत देणार नाही.

होल्डरमध्ये नसलेली नोट पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा. पीव्हीसीची मऊ पाकिटं काही वर्षांत चिकट होतात आणि शाई ओढतात. लॅमिनेशन कधीही करू नका, नोट त्याच क्षणी निकामी होते. सेलोटेप, स्टेपल, रबरबँड यांतलं काहीही तिच्या जवळ नको. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात लोखंडी कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या दर काही आठवड्यांनी बदला, कारण या कागदात कापूस आणि लिनन आहे आणि दमट हवेत त्यावर बुरशीचे तपकिरी ठिपके येतात. दुमडलेला कोपरा दिसला तरी तो नखाने सरळ करायला जाऊ नका, डाग दिसला तरी खोडरबर लावू नका. घासलेली जागा भिंगाखाली कायम दिसत राहते, आणि ग्रेड देणारा ती डागापेक्षा मोठा दोष धरतो.